पुलावरचा आकडा आणि थोरल्याचा फोन

सांगलीत कृष्णेवर जो जुना दगडी पूल आहे त्याला एका व्हाइसरॉयचं नाव आहे. तो कोण होता, इथं कशाला आला होता, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. मलाही येत नाही. खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे मात्र सगळ्यांना पाठ असतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सरकारचं झालं. त्याशिवाय प्रत्येक घराचा आपला एक आकडा असतो. कुणाच्या गल्लीत एकोणचाळीसला पाणी शिरतं, कुणाच्या उंबऱ्याला सत्तेचाळीसला लागतं. नदीकडच्या गल्लीत मुलगी द्यायची तर पाहुणे घर बघतात, शेती विचारतात आणि चहा पिता पिता आकडाही विचारतात. माझ्या गोदामाचा आकडा त्रेचाळीस.

गोदामात जुनी दारं, खिडक्या आणि चौकटी असतात. कुठं जुनी इमारत पाडायला काढली की मी आधी पोचतो. हा धंदा मला कुणी शिकवला नाही. आम्ही मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणारे. आमच्याकडं नदी म्हणजे वाळू. हा पूल मी पहिल्यांदा ओलांडला तो मेंढरांमागून. पायाखाली पोकळ लागलं की मेंढरू अडतं. ती पुलाच्या तोंडाशी अडली, मागं गाड्यांची रांग लागली आणि थोरल्या भावानं पुढच्या मेंढीचे कान धरून ओढत नेल्यावर बाकीची निघाली. पुढं थोरला फौजेत गेला, मी सांगलीत हातगाडी धरली. निवृत्त झाल्यावर त्यानं मलकापुरात घर बांधलं. कराडचा कृष्णेवरचा घाट तिथून जवळ.

हे जवळ असणं महत्त्वाचं आहे. पाणी चढायला लागलं की सांगलीचा माणूस दोन कामं करतो. पुलावर जाऊन आकडा बघतो आणि कराडकडच्या पाहुण्याला फोन लावतो. कराडचं पाणी इथं यायला साधारण एक दिवस लागतो. त्यामुळं त्यांना आज जे दिसतं ते आपलं उद्याचं असतं. मोठ्या पुराच्या वर्षी मी पहिलं काम केलं, दुसरं केलं नाही.

कारण इस्लामपूरचं होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिथं एक जुनी गिरणी पाडायची होती. तिचं दार दोन माणसांनी उचललं तरी हलणार नाही असं. थोरला सहज बरोबर आला होता. मालकीण म्हातारी बाई होती. मी नेहमीप्रमाणं दाराच्या तळाशी नखानं उकरून म्हणालो, "आवं मावशी, खालनं वाळवी लागलीया. जळणाच्या भावानं नेतो."

थोरल्यानं दारावर बोटाची पेरं वाजवली. "ह्याला कुठली वाळवी? अस्सल सागवान हाय मावशी. भाऊ असला म्हणून खोटं कशाला बोलू?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. "असला भाऊ समद्यांना मिळूदे," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दार दुसऱ्या व्यापाऱ्याला गेलं. पुढं हायवेवरच्या एका हॉटेलात मी ते बघितलं. त्याला वाईट पिवळं पॉलिश मारलं होतं. परतीच्या एसटीत मी थोरल्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सौद्यात दोघांनी बोलायचं असतं, तिसऱ्यानं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते आजही आहे. त्या दिवसापासून मी त्याचा फोन घेत नव्हतो.

पुराच्या दिवसात पुलावर जत्रा असते. बायका खण-नारळ घेऊन नदीची ओटी भरायला येतात, पलीकडच्या वाडीचे पोहणारे कठड्यावरून उड्या मारतात, पोलीस शिट्ट्या वाजवत राहतात. त्या वर्षी मी गेलो तेव्हा खांबावर एकोणचाळीस होतं. कणसं भाजणाऱ्याला मी विचारलं, "वरची काय खबर?"

"मला काय इचारताय शेठ? तुमचे बंधू कराडलाच हायत की."

"त्यांचं सोडा. तुमाला काय वाटतंय?"

"मला कणसं खपतील असं वाटतंय," तो म्हणाला.

मी खांबाकडं बघत उभा राहिलो. तासाभरात पाणी दोन बोटं चढलं. सौद्यात समोरचा माणूस दमला की बोटाबोटानं सरकतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी धरलं, एक्केचाळीसला थांबेल, फार तर त्रेचाळीस. दोन्ही हमालांना सांगून सगळा माल विटांच्या दोन थरांवर घेतला. ते काम चालू असताना खिशातला फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा थोरला. तिन्ही वेळा मी बंद केला. आधी त्यानं इस्लामपूरबद्दल बोलावं, मग पाण्याबद्दल, असं माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आत आलं. सांगलीचं पाणी आवाज करत येत नाही. पायाला गार लागतं तेव्हा कळतं. माल हलवायला रस्ता राहिला नव्हता. समोरच्या गच्चीवरून मी ऐकत होतो. दारं तरंगायला लागली आणि आतून शटरवर धडका द्यायला लागली. शेवटी शटर वाकलं आणि एकेक दार गल्लीतून नदीकडं गेलं. प्रत्येकावर मी लाल रंगात आकडा घातलेला असतो, तो लांबूनही वाचता येत होता.

पाणी उतरल्यावर मी हरिपूरकडं शोधायला गेलो. एका शेतकऱ्यानं माझं चौदा नंबरचं दार पाण्याच्या पाटावर आडवं टाकलं होतं आणि त्यावरून त्याची म्हैस चालली होती.

"हे माझं हाय. लाल आकडा बघा."

"असंल. पर नदीनं आणून दिलंय, मी काय मागाय गेलो न्हवतो," तो म्हणाला. मग त्यानं पायानं दाराची कड खरवडली. "आनि न्हेऊन काय करणार? खालनं वाळवी लागलीया."

मी खूप बोललो. तो ऐकून घेत होता. मला दार सोडून परत यावं लागलं.

गोदामाशी आलो तर थोरला खराटा घेऊन चिखल काढत होता. पहिल्या एसटीनं आला होता. चार दिवस राहिला. इस्लामपूरचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. जाताना म्हणाला, "फोन उचलत जा."

आता जुन्या पुलाशेजारी नवा पूल झाला आहे. गाड्या तिकडून जातात. आकडा बघायला लोक अजून जुन्यावरच येतात. यंदाच्या पावसाळ्यात तिथंच उभा असताना थोरल्याचा फोन आला. पहिल्याच रिंगला मी घेतला.

"घाटाच्या समद्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या," तो म्हणाला. "तू किती धरलंस?"

"एक्केचाळीस."

"चवेचाळीस धर."

"बेचाळीस."

तो हसला. "पाण्याची पण घासाघीस व्हय रं?"

"सौद्यात तू मधी बोलू नगंस," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग गोदामात जाऊन हमालांना सगळा माल माळ्यावर चढवायला सांगितला.