विलायतेतलं टरबूज

तलवाड्याच्या स्टँडवर हैदरचाचाकडून टरबूज घ्यायचं म्हणजे आधी बघून घ्यायचं. चाकूनं तिकोनी फोड काढून चाचा ती गिऱ्हाइकाच्या नाकापाशी धरणार, "लाल हाय का न्हाई?" विचारणार, अन् मगच तागडी उचलणार. चाळीस वर्षं हीच रीत. न दाखवता विकणं म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी.

हीच रीत इंग्लंडात नडली. लेक जावेदनं आईबापाला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. सहा वर्षांची नात जोया म्हणाली, "दादा, गोड टरबूज ओळखून दाखव." झालं! म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे? स्वयंपाकघरातला चाकू कोटाच्या खिशात घालून स्वारी लेक-नातीसंगं मोठ्या दुकानात. तीन टरबुजं उघडली, तिन्ही फिक्की निघाली, चौथ्याला हात घालतात तोवर पोलीस हजर. चाचा बिचारे पोलिसालाच फोड खायला द्यायला लागले. इकडं जावेद हात जोडतोय, तिकडं जोया हमसून रडतीय. एकोणिसाव्या दिवशी जावेदनं दोघांना परतीच्या विमानात बसवलं. पुढं त्याचा फोनही येईना.

गावात मात्र चाचांनी हा किस्सा इतका रंगवून सांगितला की लोक पोट धरून हसले. गॅरेजवाला अल्ताफ म्हणाला, "चाचा, हे तर अख्खं पिक्चर हाय. काढू का मोबाईलवर?"

बायको चाँदबीनं बजावलं, "घरची अब्रू चव्हाट्यावर कशापायी मांडता?"

पण चाचांच्या मनात वेगळंच होतं. नात बघंल, हसंल. ती हसली की जावेदचा राग जाईल, अन् सुट्टीत तो पोरीला घेऊन येईल. एवढ्या एका आशेवर म्हातारा कोट घालून टरबुजाच्या गाड्यापुढं उभा राहिला. अल्ताफ पोलीस झाला, अन् ते शूटिंग त्यानंच नेटवर टाकलं. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे.

मग जावेदचा फोन आला. चाचांनी पहिलं हेच विचारलं, "जोया हसली का रे?"

"तिच्या वर्गातली पोरं हसली, अब्बा. इथं आपली माणसं लई हायेत, त्यांच्या पोरांनी शाळेत दावलं. ती आता शाळेला जायला तयार न्हाई." मग तो म्हणाला, "आमी सुट्टीत येणार न्हाई. अन् तुमी बी परत येऊ नका."

चाचांनी अल्ताफला ते पुसायला लावलं. त्यानं पुसलं, पण तोवर ते कुठल्या कुठल्या मोबाईलवर गेलतं.

काल एक गिऱ्हाईक हसतच गाड्यापाशी आलं. "चाचा, फोड काढून दावा की. इथं पोलीस न्हाईत."

"तसंच न्या," चाचा म्हणाले.

"अन् फिक्कं निघालं तर?"

"निघू द्या," म्हणत चाचांनी टरबूज तागडीत ठेवलं.