उंबऱ्यावरची चतुराबाई

वलगावच्या चतुराबाईचा देवावर काडीचा विश्वास नाही. घर छप्पनपासून बौद्ध. पण धर्म बदलवता म्हणत गावातल्या टोळक्यानं शेजारच्या ख्रिस्ती सुवार्ताच्या घरची रविवारची प्रार्थना उधळली, तसं तिचं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी सुपात तूर घेऊन ती सुवार्ताच्या उंबऱ्यावर बसली.

टोळकं आलंच. "काहून वं बुढे, तुयाबी धरम बदलला का?"

"आमी तं छप्पनलेच सोडला तुमचा धरम! तुले आता खबर लागली? टाकून पाह्य आत पाय!"

कोणी टाकला नाही. आत प्रार्थना सुरू झाली. छळ सोसणाऱ्यांसाठी, मग छळणाऱ्यांसाठीही.

चतुराबाईनं सूप आपटलं. "या हरामखोरायसाठी कायले मांगतं वं?"

"आमच्यात मांगाच लागते, माय," सुवार्ता आतून म्हणाली.

"मांग. मी नाही मांगत!" टोळक्यावर डोळे रोखून ती तूर पाखडत राहिली.