मंगलाष्टकाची इंग्रजी चाल

आमच्या घरातलं एकही लग्न माझ्या मंगलाष्टकाशिवाय लागलं नाही. मीच लिहायची, मीच म्हणायची. नवरा-नवरीची नावं, आजोळची माणसं, असतील नसतील ते काका-मामा सगळे चालीत बसवायचे आणि माईक हातात घ्यायचा. आवाज असा, की मी उभी राहिले की आचाऱ्याची भांडीसुद्धा गप्प व्हायची. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट पाहायचा माझा स्वभाव नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. ती काढताना आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो गेलाच. उरला तो चाळणीतून पीठ पडावं तसा. वर चढायचा नाही, मध्येच तुटायचा. मी चारचौघांत बोलणंच सोडलं. सासरी, डोणगावच्या बाजारात भाव करायचाही कंटाळा येऊ लागला, म्हणजे बघा.

त्यात भावाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. लग्न संग्रामपूरला, माझ्या माहेरी. मी आधीच जाऊन राहिले होते. भावाने जपून विषय काढला, की यावेळी मंगलाष्टकं मुलाकडच्या बायका म्हणतील, ताईने आराम करावा. तो माझ्या काळजीनेच बोलत होता. मी बरं म्हटलं आणि न्हाणीत जाऊन रडले.

भाचीच्या ते कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गवार निवडत होते, तर ती मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली आणि मला सिनेमा दाखवू लागली. एक बाप्या अंगाला चिकटलेले कपडे घालून आभाळात उडतो आणि जग वाचवता वाचवता अर्धं शहर पाडतो. मी म्हटलं, याला आधी घरच्यांनी आवरायला पाहिजे. ती हसून म्हणाली, गाणं येईपर्यंत थांब.

गाणं आलं. या सिनेमासाठी मुद्दाम लिहून घेतलेलं आहे, असं तिने सांगितलं. तो गडी हरतो, मुखवटा काढून घराच्या पायरीवर बसतो, तेव्हाचं. इंग्रजी, मला एक शब्द कळला नाही. पण गाणारी मुलगी गळा काढून गातच नव्हती. जवळ बसून बोलावं तसं म्हणत होती. मधूनमधून तिचाही आवाज तुटत होता आणि तो त्यांनी तसाच ठेवला होता.

"आत्या, माह्या लग्नात या चालीवर म्हण," भाची म्हणाली. "तुह्या आताच्या आवाजाले हेच शोभते."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं मी तिला सुनावलं. पण संध्याकाळपर्यंत माझे शब्द त्या चालीत बसायला लागले होते.

लग्नाच्या दिवशी मुलाकडच्या बायकांनी खणखणीत मंगलाष्टकं म्हटली. शेवटचं भाचीने हट्टाने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी सुरुवात केली आणि पोरांनी चाल ओळखून एकमेकांकडे पाहिलं. सगळं नीट चाललं होतं. अगदी शेवटच्या ओळीशी आले आणि आवाज गेला. तोंड उघडं आणि आत काहीच नाही.

आमच्याकडे लोक अक्षतांची मूठ आवळूनच उभे असतात. म्हणणारी थांबली की झालं, असं धरून चालतात, कारण सगळ्यांचा अर्धा जीव पंगतीत असतो. कोणीतरी अक्षतांची पिवळी केलेली ज्वारी उधळली, मग सगळ्यांनीच उधळली. ते पाहून बँड सुरू झाला. मामांनी अंतरपाट खाली घेतला, नवऱ्या मुलाने हार उचलला. मी माईक खाली केला. कोणाला कळलं तरी नाही, अशी मनाची समजूत घातली, पण आतून मी पार संपले होते.

भाचीने हार उचललाच नाही. तिने अंतरपाटाचा काठ धरला, तो पुन्हा वर ओढला आणि बँड थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.

"माह्या आत्याची ओळ राह्यली हाये," ती म्हणाली.

गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, मुहूर्त टळेल.

"टळू द्या."

नवऱ्या मुलाने निमूट हार खाली घेतला. तेवढ्यावरच तो मला आवडला.

डोक्यावर, खांद्यावर ज्वारी घेऊन सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी माईक ओठांशी नेला आणि जो काही आवाज होता, त्याच आवाजात म्हटलं, "दार उघडंच ठेवू आम्ही, मनात येईल तेव्हा ये." मग सावधान म्हटलं. पण आता टाकायला कोणाकडे अक्षता उरल्या नव्हत्या. तेव्हा लोक खाली वाकले आणि पडलेली ज्वारी वेचू लागले. सगळ्यांत आधी माझा भाऊ वाकला.