फणसाचा ठोकळा

धोंडू तांब्यांची सगळी नोकरी मुंबई बंदरात मालगाडीचे डबे जोडण्यात गेली. उभ्या डब्याच्या चाकाखाली ठोकळा लावायचा आणि लावणाऱ्यानेच तो काढायचा, हा तिथला शिरस्ता. निवृत्त होऊन गुहागरला उतारावरच्या घरी आले, तरी दारात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला ते फणसाच्या लाकडाचा ठोकळा लावत. लोक हसत, धोंडू ढुंकूनही बघत नसत.

परवा त्यांच्या छातीत कळ आली. सून रसिकाने ॲम्ब्युलन्स बोलावली. त्यांना आत झोपवलं, पण गाडी हलेना. ड्रायव्हर उतरला, चाकाखाली ठोकळा बघून वाकला.

"हात लावू नको त्याला!" धोंडू आतून ओरडले.

छाती दाबत ते खाली उतरले, ठोकळा काढून बगलेत मारला आणि पुन्हा आडवे झाले.

"हां, आता सोड गाडी."