प्रिंटरनं हात वर केला होता

माझ्या बायकोचा हात मी मोडला. ट्रॅक्टरवाल्यानं नाही. एवढं एक वाक्य सांगाले मले सहा वर्षं लागली. शिक्षण चौथी, लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

दिग्रसच्या रस्त्यावर आमचा वजनकाटा होता. भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन आत कॉम्प्युटरवर यायचं आणि जुना प्रिंटर करकर करत पावती काढायचा. बाहेर ओरडणं माझ्याकडं, कॉम्प्युटर तिच्याकडं. कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल होती. ती कशी चालते हे यवतमाळच्या मेकॅनिकनं तिले समजावलं, अन् तिनं मले.

"कापूस येचाले आठ बाया ओळीनं उभ्या हायेत समजा," ती म्हणाली. "कोणाची ओटी भरेल, कोणाची रिकामी. आठही जणींकडं एकदम पाह्यलं की एक अक्षर. तशा त्या आठ तारा. मंग नववी तार म्हणते, घे. प्रिंटर घेते, अन् त्याच्या तारेवर हात वर करते, थांब, मी कामात हाओ. घेऊन झालं की दुसऱ्या तारेवरून सांगते, भेटलं. मंग हात खाली. तवा पुढचं अक्षर जाते."

"अन् कॉम्प्युटरनं तसंच ढकललं तर?"

"थे तुमच्यासारखं नाही."

त्या दिवशी कापसाच्या ट्रॅक्टरची रांग वळणापर्यंत गेली होती. अर्ध्या पावतीवर प्रिंटर थांबला. आत रुईचा बोळा अडकून कागद गुंडाळला होता. ती झाकण उघडून बोटानं तो काढत होती. मी बाजूले उभा होतो. आर्णीकडचा एक ट्रॅक्टरवाला ड्रायव्हर आत आला अन् मले म्हणाला,

"काय बुढे, पावती देता का अंडे उबवून राह्यले?"

मी त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं बुक्की मारली, माझा ओठ फाटला. रक्त पाहून माझं डोकं फिरलं. मी केबलीकडं वळलो.

"तारेले हात नोका लावू," बायको म्हणाली. "प्रिंटरनं हात वर केला हाये. माह्यं होतच आलं."

मी केबल उपटली. परत लावताना ती बसेना, तर उलटी धरून तळव्यानं ठोकली. मग सुलटी करून पुन्हा ठोकली. तोपर्यंत तिनं बोळा काढला, कागद लावला, झाकण बंद केलं. प्रिंटरचे दिवे लागले. पण एक अक्षर उमटेना. ड्रायव्हर हसला. मी कोपऱ्यातली टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई, उचलली अन् प्रिंटरवर हाणली. तिनं मधात हात घातला.

वाळली तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

ड्रायव्हरनं माझ्या हातातून टॉमी हिसकली. तेवढ्यात रांगेतली माणसं आत घुसली. बायको खाली पडलेली, टॉमी त्याच्या हातात. "बाईले मारलं यानं," कोणीतरी म्हणालं. त्याले ओढून काट्याच्या पाट्यावर नेलं. दहा-बारा जणं होते. बुटानं मारलं, गाडीच्या लाकडी उभारीनं मारलं. तो काट्यावर पडलेला असल्यामुळं आत कॉम्प्युटरवर वजनाचे आकडे उडत होते. लाथ बसली की आकडा वर, मग खाली. मी ते पाहत उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच्या कानातून रक्त गेलं. त्या कानानं त्याले आता ऐकू येत नाही.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. केबलीचं तोंड त्यानं मले दाखवलं. एक पिन चपटी होऊन आडवी पडली होती.

"ही 'थांब'ची तार," तो म्हणाला. "ही जुळली नाही की कॉम्प्युटरले वाटते प्रिंटर अजून कामातच हाये. प्रिंटर मोकळा होता काकाजी. तुमीच तार मारली त्याची."

पलस्तर निघालं, पण तिचं मनगट वळायचं नाही. एका हातानं भाकर थापायची, कडा जाड राहायच्या. त्यावरूनही मी तिले बोललो. लेकीले तिनं एवढंच सांगतलं, काट्यावर भांडणात लागलं. बाकीचं लोकांनी सांगतलं, त्या ड्रायव्हरले बोट दाखवून. मले एकदाच विचारलं, "तुमी खरं सांगान ना?" मी म्हणालो, सांगीन.

यंदा ती तापानं गेली. तेरवीले तो ड्रायव्हर आला. फोटोसमोर वाकला अन् मी बसलो होतो त्याच पंगतीत शेवटी बसला. लेक वरणाची बादली घेऊन वाढत होती. तिनं त्याले ओळखलं.

"याले उठवा," ती म्हणाली. "माह्या मायचा हात यानं मोडला."

जावयानं त्याची कॉलर धरली. दोघं-तिघं उठले. त्यानं चांगल्या कानावर हात ठेवला, दुसरं काही केलं नाही.

"सोडा त्याले," मी म्हणालो. "हात मी मोडला. टॉमी माह्या हातात होती."

जावयाची मूठ सुटली. लेक माझ्याकडं वळली.

"मले काकूनं दवाखान्यात येऊन सांगतलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "हाताले पलस्तर घेऊन आली होती. म्हणे, आमचे हे खरं सांगतीन तुह्यासाठी, जरा थांब. थांबलो."

लेकीनं बादली खाली ठेवली, माझ्याजवळ आली अन् मले कानफटात मारली. बोटातली अंगठी गालाले लागून कातडी फाटली. पंगतीतून कोणी उठलं नाही. मग तिनं बादली उचलली, त्याच्या पानावर वरण वाढलं, "जेव भाऊ" म्हणाली, अन् माझं पान सोडून पुढं गेली.