सगळे कल्याणचे

आमच्या साइटवर शहापूर तालुक्यातला एकही माणूस नव्हता. मुरबाडचाही नव्हता. किन्हवली, धसई, उंबरमाळी, कुठलंच गाव नाही. सगळे कल्याणचे. फोटोत भाताची शेतं, मागे बैल बांधलेला, आणि खाली राहण्याचं ठिकाण म्हणून लिहिलेलं कल्याण. पुरुषांनी पुरुषांना शोधायची ही साइट. तिचं काम मी किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून, घराच्या गच्चीवर बसून करायचो, कारण खाली रेंज येत नाही. माझं स्वतःचं खातंही साइटवर होतं, आणि अर्थातच मीही कल्याणचा होतो.

घरी मी सांगून ठेवलं होतं की लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटचं काम करतो. हे पूर्ण खोटं नव्हतं, पण त्याने जिवाला ताप झाला. शेजारची काकी पुतणीसाठी स्थळ बघायला सांगत यायची. "बघ ना रे एखादा. रेल्वेतला असला तर बरा." एकदा वैतागून मी म्हणालो, "काकी, आमच्याकडे नुसते मुलगेच आहेत गं." काकी खूश. म्हणाली, "मग बरंच की. आमाला मुलगाच पायजे."

कल्याणचं हे गौडबंगाल पुण्यातल्या ऑफिसात कोणाला समजावून सांगता येत नव्हतं. आमच्याकडे आपल्या तालुक्यात कोणी कोणाला भेटत नाही. शहापूरचा माणूस मुरबाडला जातो, मुरबाडचा शहापूरला येतो, दोघंही साइटवर कल्याणचे असतात आणि खरं गाव विचारायचं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. कोणी हे ठरवून दिलेलं नाही. आपल्या तालुक्यात एसटी स्टँडवर उभं राहिलं तरी तीन जण विचारतात, कुठं चाललास, कोणाकडं चाललास. दुसऱ्या तालुक्यात तेवढं कोणी विचारत नाही.

माझा माणूस मला असाच मिळाला. धसईच्या पलीकडच्या पाड्यातला, भेंडी आणि काकडी घेऊन मुरबाडच्या बाजाराला बसणारा. साइटवर आमचं बोलणं सुरू झालं आणि पुढे मी दर बाजारी दोन गाड्या बदलून मुरबाडला जायला लागलो. मी गिऱ्हाईक, तो भाजीवाला. मी भेंडी निवडायचो, एकेक मोडून बघायचो, जितका वेळ लावता येईल तितका लावायचो. तो मोठ्याने म्हणायचा, "ओ दादा, सगळ्या मोडता काय?" आणि हळूच हसायचा. क्वचित कधी बाजार उठल्यावर तळ्याकडे जाऊन बसायचो. तिथेच एकदा आम्ही एकमेकांना आपापलं खरं गाव सांगून टाकलं. फोन नंबर आम्ही कधीच दिले-घेतले नाहीत. ती त्याची अट होती. त्याच्या घरी फोन पुतण्यांच्याही हातात असायचा. साइट तो लपवून उघडायचा, काम झालं की बंद करायचा. मी इतकी भाजी आणायचो की वहिनी म्हणायची, "भावोजी, दुकान काढायचंय काय?"

मग ऑफिसने नवीन सोय काढायची ठरवली. तोपर्यंत साइटवर शोधावं लागायचं: वय लिहा, शहर लिहा, मग माणसं दिसणार. आता साइट उघडली की आपोआप समोर माणसं मांडलेली दिसणार, सगळ्यात जवळचा सगळ्यात आधी. कोण कुठला हे माणसाने लिहिलेल्यावरून नाही, फोन जिथे आहे त्यावरून ठरणार. आणि प्रत्येकाच्या खाली अंतर. दोनशे मीटर, पाचशे मीटर.

मी गच्चीवरून भांडलो. शहरात दोनशे मीटरमध्ये हजार माणसं राहतात, आमच्याकडे दोनशे मीटरवर एकच घर असतं, आणि त्या घरातला ह्या वयाचा माणूसही एकच असतो. अंतर म्हणजे पत्ताच झाला. आमचा प्रमुख शांतपणे ऐकायचा. तो चांगला माणूस आहे, हेच त्याच्याशी भांडण्यातलं दुखणं. त्याचे आईवडील दिवाळीला त्याच्याकडे आणि त्याच्या जोडीदाराकडे फराळाला जातात. मला त्याचा हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, "अरे, लोकांनी किती दिवस लपून राहायचं? आपल्या शेजारीच आपल्यासारखा कोणी आहे हे कळलं तर धीर येतो." आणि मग त्याला त्याचाच शब्द इतका आवडला की नवीन सोयीचं नाव ठेवलं 'शेजार'.

शेजार! आमच्याकडे शेजार म्हणजे तुमच्या घरी किती वाजता कोण आलं हे तुमच्याआधी सांगणारी माणसं. मी हे बोललो. सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, वा, किती अस्सल.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी मीटर काढले. त्याऐवजी शब्द घालायचे ठरलं आणि मराठी शब्द लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दोनशे मीटरच्या जागी 'अगदी जवळ'. म्हणजे आमच्या गावात त्याचा अर्थ काय, तर विहिरीच्या अलीकडचा. गाव लपवायचं बटण मी मागितलं. ते पुढे कधी तरी करू म्हणाले. वर आणखी एक टूम: ज्याचा फोटो नाही तो करड्या चौकोनात, रांगेच्या पार शेवटी. फोटो टाका, पुढे या. चेहरा नसला तरी चालेल. मी म्हणालो, आमची माणसं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखली जात नाहीत, चालण्यावरून आणि हातातल्या विळ्यावरूनही ओळखली जातात. यावर प्रमुख म्हणाला, "तू फार घाबरवतोस रे सगळ्यांना."

ज्या सकाळी 'शेजार' सुरू झालं, त्या सकाळी सगळे कल्याणकर आपापल्या गावी परत आले. मी गच्चीवर साइट उघडून बघत बसलो. मला मुळात राग यायला हवा होता, पण आधी बघतच राहिलो. इतके जण! शहापूरकडे, वाशिंदकडे, कसाऱ्याच्या डोंगराकडे. आयुष्यभर ज्या रस्त्याने गेलो त्या रस्त्याला इतके जण राहतात आणि मला माहीत नव्हतं. थोडा वेळ मला वाटलं की प्रमुखाचंच बरोबर असेल. मग 'अगदी जवळ'खाली एक करडा चौकोन दिसला. आमच्याच गावातला कोणी तरी. म्हणजे त्यालाही मी तसाच दिसत होतो.

आणि तो दिसला. माझा भाजीवाला. त्याने फोटो टाकला होता. मानेपासून खाली, व्यवस्थित कापलेला, मागे नुसती कोरी भिंत. मोरपिशी शर्ट, काळी कॉलर. कधी नव्हे तो नवाकोरा, इस्त्रीचा शर्ट. पुढच्या रांगेत यायची त्यालाही हौस होती, आणि मला तो फार चांगला दिसला. तसं मी त्याला लिहिलंही.

शर्ट कसला आहे हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे हळदीला नवऱ्याचे सगळे भाऊ, सख्खे-चुलत-मावस, एकाच कापडाचे शर्ट शिवतात. एकच ठाण, एकच शिंपी. हळदीच्या रात्री मांडवात ते सगळे एका रंगात नाचतात आणि पुढे वर्षभर तो शर्ट बाजाराला, देवळात, दवाखान्यात घालतात. त्याच्या चुलतभावाचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याने चेहरा काढून टाकला आणि अख्खी भावकी अंगात घालून उभा राहिला.

दुपारी त्याचा मेसेज आला. "एकानं लिवलंय. 'माझ्याकडे पण आहे असा शर्ट.' फोटो नाय त्याचा. कोन असल रे?"

मी लिहिलं, घाबरू नको. तो इथे आहे म्हणजे तोही आपल्यातलाच.

"आपल्यातला असला म्हंजे गप बसल काय? मांडवात बारा-पंधरा जन व्हतो आमी. आता घरात कोनाकडं बघू?"

मी आणखी बरंच लिहिलं. धमकी द्यायची असती तर असं लिहिलं नसतं, तो हात पुढे करतोय, वगैरे. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. खातं बंद झालं होतं. फोटो, आमचं सगळं बोलणं, सगळं एकदम गेलं. माझं काम त्याच साइटवर, आणि माझ्याच माणसाला तिथे शोधायला माझ्याकडे काही उरलं नाही. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप बंद करून खाली गेलो आणि आईवर उगाच ओरडलो.

संध्याकाळी ऑफिसची बैठक होती. प्रमुख खुशीत होता. पहिल्याच दिवशी लोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ साइटवर थांबले होते. तो म्हणाला, "आणि तुझ्या भागात तर बघ, गावागावांतून माणसं दिसायला लागली!" मी म्हणालो, एक गेला. तो म्हणाला, एखाद-दुसरा जाणारच. तो एखाद-दुसरा माझा होता, हे मी ऑफिसातही कोणाला सांगितलेलं नव्हतं. लपवायचं कशाला म्हणणाऱ्या माणसासमोर मीही लपूनच बसलो होतो.

पुढच्या बाजारी मी पहिल्या गाडीने मुरबाडला गेलो. त्याच्या जागेवर दुसरा माणूस बसला होता. तशीच भेंडी, तोच काटा, आणि अंगात मोरपिशी शर्ट, काळी कॉलर.

मी खाली बसून भेंडी निवडायला घेतली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "नेहमीचे नाहीत आज?"

"भाऊ माझा. चुलतभाऊ." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तो नाय येत आता बाजाराला."

"का? बरं नाही?"

"काय म्हायत. डोकं फिरलंय." बोलायला माणूस मिळाल्यासारखा तो बोलायला लागला. "हा शर्ट बघा. हळदीला आमी सगल्या भावांनी शिवला. महिना नाय झाला. त्यानं त्याचा भेंडीत बुजगावन्याला घातला. चांगला नवा शर्ट! घरात सगले हसतात त्याला. माझ्याशी तर बोलतच नाय." मग काट्यात भेंडी टाकत, खाली बघत म्हणाला, "मी काय वंगाल नव्हतो बोललो त्याला. फकस्त बोललो, माझ्याकडं पन हाय असा शर्ट."

दुसऱ्या कोणाला हे बोलणं येडपट वाटलं असतं. सगळ्याच भावांकडे तो शर्ट असताना त्यात सांगण्यासारखं काय? पण मला सगळं कळलं. लिहिणारा हाच. त्याला आधी ठाऊकही नसेल की बारा-पंधरांतला नेमका कोण. बुजगावण्याने त्याला सांगितलं. एका अंगणात लहानाचे मोठे झालेले हे दोघं. इतकी वर्षं एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, आणि कळलं ते या तऱ्हेने. प्रमुख म्हणतो तसा शेजार खरोखरच सापडला होता. आता फक्त कोणी तरी मधे पडून दोघांना सांगायला हवं होतं.

म्हणून मी सांगितलं. आवाज खाली आणून, जमेल तितक्या मायेने म्हणालो, "त्याला सांगा, किन्हवलीवाला म्हणाला, शर्टवाल्याला घाबरू नकोस. तो आपलाच आहे."

त्याचा हात काट्यावरच थांबला. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं.

"कोन किन्हवलीवाला? मी कुटं काय बोललो तुमाला?"

"अहो, तसं नाही. मीही..."

"मी काय नाय बोललो." काट्यातली भेंडी त्याने परत गोणीत ओतली. गोणीचं तोंड आवळलं.

"अर्धा किलो तरी द्या," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"संपली," तो म्हणाला. भरलेली गोणी त्याने खांद्यावर टाकली आणि बाजार ऐन भरात असताना धसईच्या गाडीकडे निघून गेला. मी तिथेच बसून राहिलो. मी तरी काय वाईट बोललो होतो?

त्यानंतरच्या बाजारी त्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या विकणारा बसला होता. त्याच्यानंतरच्या बाजारीही तोच. मी तिथे जाणं थांबवलं नाही, पण येताना काही आणावंसं वाटेना. एके दिवशी वहिनीने माझी पिशवी उलटी करून झटकली.

"भेंडी नाय आनत आता, भावोजी?"

"संपली," मी म्हणालो आणि गच्चीवर कामाला गेलो.