चार ओळींतले मुस्लिम तत्त्वज्ञ

आमच्या विभागप्रमुखांबद्दल चांगलं बोलावं असं मला आजही वाटत नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायचो. राळेगावकडच्या आमच्या लमाण तांड्यावरून सकाळच्या एसटीनं यायचो. मध्ययुगीन मुस्लिम तत्त्वज्ञ हा माझा आवडता धडा. सरांनी आपल्या नोट्समध्ये तो चार ओळींत उरकला होता. अरबांनी ग्रीक ग्रंथांची भाषांतरे केली, ते ग्रंथ जतन केले आणि युरोपच्या हवाली केले. झालं, संपले तत्त्वज्ञ.

मी दरवर्षी कापसानं सुरुवात करायचो. आगीजवळ नेला की कापूस जळतो, हे आपण पाहतो. पण आगच त्याला जाळते, हे कुठं दिसतं? एका मुस्लिम विद्वानाचं म्हणणं, जाळणारा देव. आग नुसती तिथं हजर असते. ग्रीकांना गुरू मानणाऱ्या दुसऱ्यानं त्याला उलट विचारलं, कारणच नाकारलं तर ज्ञान उरतं कुठं? कापसाच्या जिनिंग मिलमधली आग डोळ्यांनी पाहिलेली आमची पोरं यावर तावातावानं भांडायची.

एके वर्षी याच धड्याच्या तासाआधी सरांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं.

"कापूस कायले जाळून राह्यले वर्गात? सिलॅबस पुरा करा. ते अरब म्हणजे तुमच्या लमाणायसारखे. माल दुसऱ्याचा, यायनं निस्ता बैलावर लादून पोचवला."

बाकीचे हसले. माझं डोकं फिरलं. आमच्या माणसांनी गावोगाव मीठ नेलं, धान्य नेलं, ते काही डोळे मिटून नाही. माल पारखायची अक्कल होती त्यांना. आणि हे तत्त्वज्ञ तर ग्रीकांशी पानोपानी भांडले. सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या तुमच्या तासिकायचा प्रस्ताव मलेच पाठवा लागते."

मी हजेरीपट उचलला, वर्गात गेलो आणि त्या चार ओळी लिहून घ्यायला सांगितल्या.

पुढच्या बाकावर एका मेकॅनिकची मुलगी बसायची. तिची मोठी बहीण आधी माझ्याकडे शिकून गेली होती. मुलीनं बॅगेतून कापसाचं फुटलेलं बोंड काढून बाकावर ठेवलं.

"सर, आपा म्हणत होती, तुम्ही कापसावरून शिकवता. मी आणला."

"ते परीक्षेत येत नाही."

तिनं विचारलं, "मंग यायनं सोताचं काहीच नाही केलं का, सर? निस्तं जतन केलं?"

सरांना कितीही शिव्या घातल्या तरी त्या वेळी वर्गात सर नव्हते, मी होतो.

"तेवढंच लिही," मी म्हणालो. "पाच मार्काला येतं."

तिनं बोंड परत बॅगेत टाकलं आणि मान खाली घालून लिहू लागली.

पुढच्या वर्षी मला तासिका मिळाल्या. त्याआधीच्या चाचणीत तिनं त्या चार ओळी शब्दही न चुकवता लिहिल्या होत्या. पेपर तपासायला माझ्याकडेच होता. मी तिला पाचपैकी पाच दिले.